क्लॅमिडियाच्या रिपोर्टवर लागण झाल्याची तारीख नसते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंचं वय २८, लग्नाला दोन वर्षं झाली. संबंधानंतर अधूनमधून रक्ताचा डाग दिसायचा म्हणून तपासणी केली, तर क्लॅमिडिया (संबंधातून लागणारा एक जंतू) पॉझिटिव्ह आला. पांढरं जाणं, खाज, ताप यातलं काही नाही. नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह. तो म्हणतो, ‘मग हे माझ्याकडून आलेलं नाही.’ लग्नाआधी त्यांचं एक नातं होतं, ते संपूनही तीन वर्षं झाली. हे कधी आलं, कोणाकडून आलं आणि पुढे मूल होईल ना, असं त्या विचारतात. शिवाय मैत्रीण म्हणते की यावर एका दिवसाचं औषध असतं, डॉक्टरांनी मात्र सात दिवसांचं दिलंय.

आधी नवऱ्याच्या वाक्याबद्दल बोलू, कारण घरातली झोप त्यानेच उडवलेली दिसते. नमुना घेतला त्या दिवशी तुमच्या अंगात क्लॅमिडिया होता, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. तो तिथे दोन आठवड्यांपासून आहे की दोन वर्षांपासून, हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही. जंतूचं वय मोजणारी तपासणी अस्तित्वात नाही. औषध न घेता साधारण निम्म्या बायकांमधून हा जंतू वर्षभरात आपोआप निघून जातो. उरलेल्यांत तो दोन वर्षांपर्यंत टिकतो, थोड्याजणींत त्याहूनही जास्त. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं नातं, लग्नानंतरचे दिवस, नवऱ्याचं लग्नाआधीचं आयुष्य, यातलं काहीही शक्य आहे, आणि काहीही सिद्ध होत नाही.

‘पण तो निगेटिव्ह आहे ना?’ निगेटिव्ह येण्याला चार-पाच साध्या वाटा असतात. त्याला जंतू कधी लागलाच नसेल. एक पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशी जोडपी आम्ही नेहमी पाहतो. किंवा लागला असेल आणि आपोआप गेला असेल. किंवा मधे कधीतरी घसा दुखला म्हणून तीन दिवस अझिथ्रोमायसिन घेतलं असेल, चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन घेतलं असेल. ही दोन्ही औषधं क्लॅमिडियावरचीच, त्याच्या नकळत उपचार होऊन गेला. किंवा नमुनाच चुकला असेल. पुरुषांची ही तपासणी लघवीवर करतात, आणि त्यासाठी धारेच्या सुरुवातीची लघवी लागते, तीही आधी किमान तासभर लघवी न केलेली असताना. लघवीच्या नेहमीच्या तपासणीला आपण उलट सांगतो, पहिली धार सोडा आणि मधली धरा. ती सवय अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे माणूस मधली धार भरून देतो, आणि जंतू मूत्रमार्गाच्या अस्तरातून सुटून पहिल्या धारेबरोबर आधीच वाहून गेलेला असतो. त्याला विचारा, डबीत कुठली धार धरली होती.

तेव्हा ‘कोणाकडून’ या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. पंचवीस वर्षांत माझ्या टेबलासमोर या एका कागदावरून भांडणारी पुष्कळ जोडपी बसली. त्यातल्या एकाही भांडणाचा निकाल मला त्या कागदावरून देता आलेला नाही.

आमच्या ओपीडीच्या पाटीवर पूर्वी ‘गुप्तरोग’ असं लिहिलेलं असायचं, आणि लोक पाटीखालून मान घालून आत यायचे. त्या शब्दाचा मला मनापासून राग आहे. पण क्लॅमिडियाला तो भलत्याच अर्थाने लागू पडतो, कारण हा रोग ज्याला झालाय त्याच्यापासूनच गुप्त राहतो. दहातल्या सात-आठ बायकांना काहीही त्रास होत नाही. पुरुषांतही निम्म्यांना होत नाही. ज्यांना होतो त्यांनाही लागण झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, आणि तोही इतका सौम्य की माणूस पाणी जास्त पिऊन दिवस ढकलतो: लघवीला किंचित जळजळ, सकाळी लघवीच्या तोंडाशी एखादा चिकट थेंब, अंतर्वस्त्रावर डाग. गनोरियात, म्हणजे परम्यात, तसं नसतं. तिथे दोन ते सात दिवसांत पिवळा पू येतो आणि पुरुष धावत दवाखाना गाठतो. म्हणूनच क्लॅमिडिया इतका पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात क्लॅमिडियाच्या सुमारे १२ कोटी ९० लाख नव्या लागणी झाल्या. गनोरियाच्या ८ कोटी २० लाख.

तुम्हाला दिसलेला रक्ताचा डाग हीच तुमच्या बाबतीत त्याने दिलेली एकमेव खूण. आत काय होतं ते सांगतो. क्लॅमिडियाला योनीच्या जाड, थरांच्या अस्तरात फारसं शिरता येत नाही. त्याला हवं असतं गर्भाशयाच्या तोंडाच्या आतलं एकेरी पेशींचं नाजूक अस्तर. तरुण वयात हे अस्तर तोंडावर थोडं बाहेरपर्यंत पसरलेलं असतं, आणि पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण जास्त होण्यामागचं हे एक कारण आहे. तिथे संसर्ग झाला की ती जागा सुजते, ठिसूळ होते. तपासताना कापसाची काडी नुसती टेकवली तरी रक्त येतं, आणि ती काडी पांढऱ्या गॉजशेजारी धरली की पिवळसर दिसते. काडीने जे होतं तेच संबंधाच्या वेळी होतं.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. अशा बायकांना ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असं सांगून ती जागा जाळून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ते बाहेर पसरलेलं नाजूक अस्तर म्हणजे जखम नव्हेच. आणि तिथून रक्त येत असेल तर आधी क्लॅमिडिया आणि गनोरियाची तपासणी आणि पॅप टेस्ट (गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची तपासणी) व्हायला हवी. तुमच्या डॉक्टरांनी तपासणी आधी केली, चांगलं केलं. पॅप टेस्ट झालेली नसेल तर तीही करून घ्या. औषधानंतरही डाग दिसत राहिला तर ‘क्लॅमिडियाचाच असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आता मूळ जंतूकडे. त्याचा स्वभाव कळला की सात दिवसांचं औषध का, हेही कळतं.

१९०७ साली लुडविग हाल्बरस्टेटर आणि स्टॅनिस्लाउस फॉन प्रोवाझेक या दोघांना जावा बेटावर खुपऱ्या या डोळ्यांच्या रोगाचा अभ्यास करताना पेशींच्या आत बारीक ठिपक्यांचे पुंजके दिसले. ते आच्छादनात गुंडाळल्यासारखे वाटले. ग्रीक भाषेत खांद्यावरून घ्यायच्या अंगवस्त्राला ‘क्लॅमिस’ म्हणतात, नाव तिथून आलं. पुढची कित्येक दशकं याला विषाणू समजत होते, कारण तो जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार व्हायचा आणि पेशीबाहेर वाढतच नसे. तो जिवाणूच आहे हे पक्कं झालं १९६०च्या दशकात. खुपऱ्या करणारा आणि तुमच्या रिपोर्टमधला, दोन्ही एकाच जातीचे, फक्त पोटप्रकार वेगळे.

तो दोन रूपांत जगतो. बाहेर फिरतो तेव्हा तो टणक बीसारखा असतो, मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढा. या रूपात त्याची वाढ होत नाही. पेशीला चिकटून आत शिरला की त्याच्याभोवती एक पिशवी तयार होते आणि तिच्यात तो फुगून मोठा, मऊ होतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार. पुन्हा त्यांच्या बिया होतात आणि दोन-तीन दिवसांत पेशी फुटून शेजारच्या पेशींवर त्यांचा सडा पडतो. औषधाचा खरा मारा चालतो तो आतल्या वाढणाऱ्या रूपावर. बी अवस्थेतला जंतू पुढच्या पेशीत शिरून वाढायला लागेल तेव्हा औषध तिथे हजर असावं लागतं. म्हणून अशी अनेक चक्रं पार होईपर्यंत औषधाची पातळी टिकवायची. दोन दिवसांत डाग थांबला म्हणून उरलेल्या गोळ्या पाकिटात ठेवून देणारे लोक नेमके इथे फसतात.

या लपून राहण्यामुळे साध्या तपासण्याही चकतात. एका तरुणाची फाइल मला अजून आठवते. लघवीचे तीन रिपोर्ट होते. तिन्हीत पस सेल्स (पूच्या पेशी) पंधरा-वीस, आणि खाली कल्चरमध्ये ‘नो ग्रोथ’. दर वेळी ‘यूरिन इन्फेक्शन’ म्हणून वेगळं अँटिबायोटिक, एकदा सेफिक्झिम, एकदा नायट्रोफ्युरँटॉइन. दोन्ही क्लॅमिडियावर कुचकामी. पू आहे आणि जंतू उगवत नाही, या दोन ओळी एकाच कागदावर दिसल्या की लैंगिक संसर्गाचा विचार मनात यायलाच हवा, कारण कल्चरच्या प्लेटवर क्लॅमिडिया उगवत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. त्या तरुणाला तीन डॉक्टरांपैकी कोणीही संबंधांबद्दल एक प्रश्न विचारलेला नव्हता. मी विचारला, तेव्हा तो म्हणाला, ‘विचारलं असतं तर सांगितलं असतं.’

तसंच पांढरं जातंय म्हणून दिलेल्या बुरशीच्या आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. त्यांनी क्लॅमिडियाच्या केसालाही धक्का लागत नाही.

खात्रीची तपासणी म्हणजे पीसीआर किंवा त्याच जातीची, जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी. बायकांमध्ये योनीतून घेतलेला स्वॅब सगळ्यात चांगला, आणि तो स्वतःचा स्वतः घेतला तरी तितकाच भरवशाचा ठरतो. रक्तातल्या ‘क्लॅमिडिया आयजीजी’वर मात्र कोणी तुम्हाला औषध देऊ पाहत असेल तर थांबा. त्या अँटिबॉडी पूर्वी कधीतरी झालेल्या लागणीच्याही असू शकतात, फुप्फुसाला त्रास देणाऱ्या दुसऱ्या जातीच्या क्लॅमिडियाच्याही असू शकतात. आज गर्भाशयाच्या तोंडात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. नवऱ्याचा ‘निगेटिव्ह’ जर रक्ताचा असेल तर तो धरूच नका.

मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही, जुनं आहे. एकाच वेळी एक ग्रॅम अझिथ्रोमायसिन हा बरीच वर्षं चालत आलेला उपचार. पण जंतू गुदमार्गात असेल तर तो कमी पडतो असं दिसत गेलं, आणि बायकांमध्ये तिथला संसर्ग त्या प्रकारचा संबंध नसतानाही सापडतो. म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हा पहिला उपचार ठरवला. मीही तेच देतो. अपवाद गरोदरपणाचा: तेव्हा डॉक्सीसायक्लिन टाळून अझिथ्रोमायसिनच देतात. त्यामुळे पाळी चुकली असेल, किंवा दिवस राहायचा प्रयत्न चालू असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

डॉक्सीसायक्लिनचं एक तंत्र आहे. पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे खरोखर व्रण पडतो. रात्री झोपताना घोटभर पाण्यावर गिळली आणि पहाटे छातीत आग होऊन जागी झाली, असे फोन मला येत असतात. मळमळत असेल तर काही खाऊन घ्या. लोहाची, कॅल्शियमची किंवा पित्ताची अँटासिड गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध पोटातच बांधलं जातं. त्या आठवड्यात कडक उन्हात त्वचा लवकर भाजते, तेवढं सांभाळा.

आणि सात दिवस संबंध नाहीत. कंडोम वापरूनही नाहीत.

नवऱ्याचा उपचार त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी करायचा. यावर घरी वाद होणार हे मला माहीत आहे. ‘मला काही नाही तर मी गोळ्या का खाऊ?’ कारण वर सांगितलं ते सगळं, आणि कारण एका चुकलेल्या नमुन्याची किंमत पुन्हा तुम्हालाच मोजावी लागते. उमेदीच्या काळात मी स्वतः ही चूक केली आहे. एका बाईंना उपचार दिले, त्या बऱ्या झाल्या, नवऱ्याचा विषय काढायला मी संकोचलो. साडेतीन महिन्यांनी त्या पुन्हा पॉझिटिव्ह होऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुमचं औषध लागू पडलं नाही.’ औषध लागू पडलं होतं. घरून पुन्हा लागण झाली होती. क्लॅमिडियाने औषधाला दाद न देण्याचे प्रकार फार विरळा. ‘औषध फेल’ म्हणून येणाऱ्यांत बहुतेकांची कहाणी जोडीदारापाशी जाऊन थांबते. एकदा झाला म्हणून पुढे होणार नाही अशी टिकाऊ प्रतिकारशक्तीही या रोगात येत नाही. म्हणून दोघांनी एकाच दिवशी गोळ्या सुरू करा, वाट बघायचे दिवसही मग एकत्रच संपतात.

आधीच्या नात्यातल्या माणसाला कळवायचं का? नियम म्हणून आम्ही मागच्या ६० दिवसांतल्या जोडीदारांना कळवायला सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या माणसाला गाठायची सक्ती मी तुमच्यावर करणार नाही.

मूल होण्याबद्दल. भीती निराधार नाही, पण ती जेवढी पसरवली जाते तेवढी मोठीही नाही. उपचार न झालेल्या बायकांपैकी अंदाजे १० ते १५ टक्क्यांत जंतू वर चढून गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत जातो. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं ही त्याची लक्षणं. कधी यकृताच्या आवरणाला सूज येऊन उजव्या बरगडीखाली दुखतं आणि लोक पित्ताशयाची सोनोग्राफी करत बसतात. कधी तिथेही तो मुकाट्यानेच काम करतो. नुकसान होतं ते मुख्यतः शरीराच्या प्रतिकारामुळे: सूज येते, ती बरी होताना व्रण राहतात, नळीच्या आतली लव झडते. मग नळी बंद होते किंवा अर्धवट अरुंद होते आणि गर्भ नळीतच अडकतो. लागण जितक्या वेळा, तितका धोका वाढतो, म्हणून ‘पुन्हा होऊ न देणं’ याला मी पहिल्या लागणीच्या खंतीपेक्षा जास्त महत्त्व देतो. तुम्हाला दुखणं नाही, ताप नाही. आतून तपासताना पिशवी हलवल्यावर दुखलं नसेल तर नळ्या सलामत असण्याचीच शक्यता मोठी आहे. क्लॅमिडिया होऊन गेलेल्या बहुसंख्य बायकांना पुढे सहज दिवस राहतात.

नळ्यांची एक्स-रे तपासणी आत्ता घाईने करू नका. जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी असताना आतून औषध ढकललं तर तोच वर जाऊ शकतो. कॉपर-टी बसवायचा विचार असेल तर तोही उपचार पुरे होईपर्यंत लांबणीवर टाका. पुढे दिवस राहिले की मात्र सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघून घ्या, आणि डॉक्टरांना हा इतिहास सांगा. गरोदरपणात क्लॅमिडिया अंगात राहिला तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाच्या डोळ्यांना लागतो, पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोळे चिकटतात, आणि काही बाळांना एक ते तीन महिन्यांच्या वयात न्यूमोनिया होतो. आधी उपचार झालेला असेल तर यातलं काही होत नाही.

पुरुषांचं नुकसान कमी असतं, पण शून्य नसतं. एका बाजूचं वृषण सुजून दुखू शकतं. क्वचित लागणीनंतर काही आठवड्यांनी गुडघा किंवा घोटा सुजतो, डोळे लाल होतात. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस तिथून आमच्याकडे पाठवला जातो.

टॉयलेट सीट, टॉवेल, पोहण्याचा तलाव, यातून हा येत नाही. घरातल्या बाकीच्यांची भांडी-कपडे वेगळे करू नका. योनी, गुदमार्ग किंवा तोंडावाटे होणाऱ्या संबंधातून येतो, आणि कंडोम नीट वापरला तर बराचसा अडतो. एक संसर्ग सापडला की दुसरा शोधायचा हा आमचा शिरस्ता आहे, त्यामुळे एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि गनोरिया यांच्या तपासण्या दोघांनीही एकदा करून टाका.

शेवटी फेरतपासणीचं, कारण लोक ती हमखास चुकीच्या दिवशी करतात. गोळ्या संपल्यावर आठवडाभरात घाईने पीसीआर केलीत तर पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात पुन्हा रामायण होईल. मेलेल्या जंतूंचं जनुकीय द्रव्यही त्या तपासणीला दिसतं, आणि ते तीन-चार आठवडे रेंगाळतं. गरोदर नसाल तर ‘गेला का’ हे बघायला लगेच तपासायची गरज नाही. गोळ्या संपल्याच्या दिवसापासून तीन महिने मोजा, ती तारीख फोनमध्ये घाला आणि त्या दिवशी दोघंही नमुना द्या. नवऱ्याला आदल्या रात्री आठवण करा: तासभर लघवी थांबवायची, आणि डबीत पहिली धार.